सूत कुणाचं?

वडिलांच्या कपाटात लाल कापडी बांधणीची एक लांबट वही असायची. घरात तिला ‘बीमची वही’ म्हणत. सायझिंगमधून, म्हणजे सुताला खळ लावणाऱ्या कारखान्यातून, बीम (उभ्या तारा गुंडाळलेला रूळ) कोणत्या तारखेला आलं, किती तारांचं, पन्ना किती, काउंट (सुताची जाडी) कोणता, लांबी किती, पिकाला (इंचातल्या प्रत्येक आडव्या धाग्यामागे, मीटरला) किती पैसे ठरले, हे सगळं एका ओळीत लिहिलेलं. शेवटच्या दोन रकान्यांत वजावट: सुताची घट आणि डागी माल. त्या वहीत सुताची किंमत मात्र कुठेच नसे, कारण सूत आमचं नव्हतं. सूत पेढीचं, म्हणजे ते पुरवणाऱ्या व्यापाऱ्याचं, विणून झालेलं कापडही पेढीचं. आमचे होते ते २४ माग, पत्र्याची शेड, विजेचं बिल आणि कामगारांचा आठवड्याचा पगार.

इचलकरंजीत अशा माणसाला खर्चीवाला म्हणतात. पेढी बीम आणि बाण्याचं (आडवं) सूत देते, तो विणून देतो आणि पिकावर मजुरी घेतो. बाहेरचा माणूस शेडमध्ये शिरला की त्याला २४ मागांचा मालक दिसतो. तो मालक स्वतःच एका मजुरीच्या दरावर जगतो, हे वही उघडल्याशिवाय कळत नाही.

यंत्रमागाच्या भवितव्याचा अभ्यास करायला सरकारने समिती नेमली अशी बातमी आली की मला ही वही आठवते. २०२३ च्या अखेरीस मालेगावचे आमदार आणि त्या वेळचे मंत्री दादा भुसे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने अशी समिती नेमली. पुढे मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने वीज सवलत वाढवली. २७ अश्वशक्तीपेक्षा कमी जोडभार असलेल्यांना युनिटमागे आणखी १ रुपया, २७ ते २०१ अश्वशक्तीच्या आतल्यांना ७५ पैसे. मागणी जुनी होती. मजुरीखालोखाल वीज हाच खर्चीवाल्याचा मोठा खर्च असतो, म्हणून निर्णयाचा आनंद झाला आणि तो खोटा नव्हता. पण ही सवलत शेवटी कुणाच्या खिशात जाते, हे कुणी मोजलेलं मला दिसलं नाही. आमच्या २४ मागांवरच ते मोजून पाहू.

साधा माग मिनिटाला साधारण १३० वेळा आडवा धागा नेणारा धोटा फेकतो. ५२ पिकाच्या कापडात इंचाला ५२ आडवे धागे, म्हणजे मीटरला दोन हजारांच्या वर. तार तुटते, धोट्यातली सुताची कांडी संपते, बीम बदलावं लागतं. पाचातले चार तास माग चालला असं धरलं, तर दिवसरात्र मिळून एका मागावर ७३ मीटरच्या आसपास कापड निघतं. २४ मागांचं झालं सुमारे १,७५० मीटर. दर पिकावर ठरतो, त्यामुळे पिकाला १ पैसा इकडेतिकडे झाला की मीटरला ५२ पैसे हलतात आणि शेडला दिवसाला ९१० रुपये. आता वीज पाहा. एकेक अश्वशक्तीच्या २४ मोटारी, चालू वेळेचा हिशोब धरून दिवसाला साधारण ३४५ युनिट. १ रुपयाची नवी सवलत म्हणजे रोजचे ३४५ रुपये. पेढीने पिकाचा दर १ पैशानेही उतरवायची गरज नाही, ०.४ पैसा उतरवला की मंत्रिमंडळाने दिलेलं सगळं परत गेलं.

दर उतरतो तो कुणाच्या दुष्टपणाने नव्हे. पेढीवाल्याला मी खलनायक मानत नाही. सुताचा भाव आठवड्याभरात कोसळला तर गोदामातल्या मालाचा तोटा त्याचाच असतो, आणि पुढचा खरेदीदार त्यालाही महिनोन्‌महिने थांबवतो. पण मंदीत एका बीमसाठी दारात दहा जण उभे राहतात, आणि दहाही जणांचं विजेचं बिल सारखंच उतरलेलं असतं. मग जो त्या उतरलेल्या बिलाच्या भरवशावर थोडी कमी मजुरी कबूल करतो, बीम त्याच्या शेडमध्ये जातं. बाकीच्या नऊ जणांना माग बंद ठेवणं परवडत नाही, तेही पाठोपाठ खाली येतात. सवलत मागावर दिली तरी ती सुताच्या मालकाकडे वाहत जाते, पाणी उताराकडे जातं तसं. म्हणून उद्योगाच्या चौकशीचा पहिला प्रश्न मागांच्या संख्येचा नको. मागावर या क्षणी चढलेलं सूत कुणाचं, हा हवा.

हा प्रश्न मला सुचलेला नवा शोध नाही. ऐंशी वर्षांपूर्वी तो सरकारी चौकशीतच विचारला गेला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हातमाग आणि गिरण्या यांच्याविषयी सत्यशोधन समिती नेमली गेली, अध्यक्ष अर्थशास्त्रज्ञ पी. जे. थॉमस. १९४२ च्या तिच्या अहवालात विणकरांची वर्गवारी आहे: स्वतःचं सूत घेऊन विणणारा किती, सावकाराच्या सुतावर विणणारा किती, दुसऱ्याच्या कारखान्यात जाऊन विणणारा किती. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने सोलापूरच्या विणकर समाजाची पाहणी १९४७ साली प्रसिद्ध केली, तीही विणकरांच्या घरात शिरून केलेली. कर्ज, कुटुंब, कामाचे दिवस, सगळं त्यात आलं. त्या पिढीला ठाऊक होतं की विणकर गरीब का आहे, याचं उत्तर मागाच्या लाकडात किंवा लोखंडात सापडत नाही.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नच बदलला. देशात कापड कोणी विणावं, गिरणीने, हातमागाने की यंत्रमागाने, यावर सगळी चर्चा वळली. १९५४ साली नित्यानंद कानूनगो यांच्या समितीने हातमागांचं हळूहळू यंत्रमागात रूपांतर करावं अशी शिफारस केली. वर्षभरातच पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ द. गो. कर्वे यांच्या समितीने नेमकं उलट सांगितलं: वाढीव कापड हातमागावर विणू द्या, गिरण्यांच्या विणाईला मर्यादा घाला. कर्व्यांचा हेतू रोजगाराचा होता आणि मी तो आजही आदराने वाचतो. पण १९५६ साली गिरण्यांचे माग आहेत त्या संख्येवर गोठवले गेले, बाजारात कापडाची भूक वाढत राहिली, आणि गिरणी व हातमाग यांच्या मधल्या फटीतून यंत्रमाग उगवला. बराचसा परवान्याविना. गिरण्यांनी भंगारात काढलेले माग भिवंडीला, मालेगावला आले, तिथल्या जॉबरांनी ते दुरुस्त करून पुन्हा चालू केले. अशोक मेहता समितीचा अहवाल १९६४ साली आला तेव्हा हे माग नाकारण्याच्या पलीकडे गेले होते. समितीने ते मान्य केलं आणि यंत्रमागाला रीतसर जागा द्यायला सांगितलं.

इचलकरंजीचा माग त्याही आधीचा. विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली इथे पहिला यंत्रमाग आणला, जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या पाठबळाने. आमच्या शाळेत हे पाठ करून घेत. पहिल्या मागाच्या शेजारी सुताची आणि विक्रीची सोय कुणी केली, हे मात्र कुणी शिकवलं नाही.

१९७४ सालच्या शिवरामन समितीचा एक हिशोब फार गाजला: एक यंत्रमाग सहा हातमागांचं काम खातो. मग १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरणी आणि यंत्रमाग यांना समान लेखलं आणि क्षमतेवरची बंधनं काढली. त्यानंतर अबिद हुसेन समिती आली, नव्वदच्या दशकाच्या शेवटी सत्यम समिती आली. या सगळ्या अहवालांमध्ये विद्वत्ता आहे, काहींत कळकळही आहे. पण माग हेच मोजमापाचं एकक झालं. किती माग, कोणत्या क्षेत्रात, किती वेगाचे, एकाने दुसऱ्याचे किती संपवले. माग मोजणं सोपं असतं, कारण तो जमिनीला बोल्टने घट्ट असतो. सूत हातोहात फिरतं आणि कागदावर क्वचित येतं.

याचे परिणाम शहरांत दिसतात. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. गिरण्या थांबल्या, कापड थांबलं नाही. भिवंडीच्या मागांवर ते विणलं गेलं, त्यातलं बरंचसं गिरण्यांच्याच शिक्क्याने विकलं गेलं. गिरणीमालकांना तेव्हा कळून चुकलं की कापडाचा धंदा करायला माग आपले असावेच लागत नाहीत, सूत आणि शिक्का आपला असला की पुरे. मुंबईच्या संपाविषयी खूप लिहिलं गेलं आहे. भिवंडीत त्या दोन वर्षांत कुणाला किती मजुरी मिळाली, याची चौकशी झाल्याचं मी कधी वाचलं नाही, आणि आज उरलेल्या उद्योगाची घडण त्याच दोन वर्षांत पक्की झाली असं माझं मत आहे.

मुंबईच्या गिरण्यांची खरी सरकारी चौकशी झाली ती १९९६ साली, वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाकडून. तिचा विषय होता गिरण्यांच्या जमिनींचं काय करायचं. चौकशीला उशीर झाला की ती उद्योगाची उरत नाही, जागेची होते. १९९१ च्या विकास नियमावलीत जमिनीचा एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागेला, एक तृतीयांश म्हाडाला, एक तृतीयांश मालकाला अशी विभागणी होती. २००१ साली नियम बदलला आणि ती वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जागेपुरती राहिली. गिरण्यांची जमीन बहुतेक बांधकामाखालीच होती. पुढचं परळ आणि लालबागने पाहिलं आहे. आज भिवंडीतल्या शेडच्या जागी ऑनलाइन कंपन्यांची गोदामं उभी राहत आहेत. इचलकरंजीत आणि मालेगावात साधे माग किलोच्या भावाने भंगारात गेले. शेडचं भाडं मागाच्या मजुरीपेक्षा जास्त मिळायला लागलं की मुलगा बापाला माग काढायला सांगतो, आणि त्याचं चुकतं असं मी म्हणू शकत नाही. पण याचा अर्थ असा की चौकशीसाठी आपल्याकडे आता थोडीच वर्षं उरली आहेत.

आता मला माझ्याच गावकऱ्यांना न आवडणारं लिहायचं आहे. वीज सवलतीला ऑनलाइन नोंदणीची अट जोडली तेव्हा यंत्रमागाच्या सगळ्या गावांतून विरोध झाला. अट किचकट होती हे खरं. कागदपत्रं बापाच्या किंवा आज्याच्या नावावर, मीटर तिसऱ्याच्याच नावावर. पण विरोधाचं तेवढंच कारण नव्हतं. एकच शेड कागदावर चार नावांनी चालते, म्हणजे कामगारांची संख्या कायद्याच्या आकड्याखाली राहते. भविष्य निर्वाह निधी नको, राज्य विमा नको, तपासनीस नको. आमच्याही शेडला दोन नावं होती. पेढीने आपल्याला कागदावर आणलं नाही अशी तक्रार करणारा खर्चीवाला स्वतःच्या कामगाराला कागदावर आणत नाही, ही या उद्योगातली सर्वांत दुखरी जागा आहे आणि ती झाकून कोणतीही मागणी करता येणार नाही.

बारा तासांची पाळी, सहा-आठ माग एका माणसाकडे, कानठळ्या बसवणारा आवाज आणि पगार मीटरवर. माग बंद पडला, वीज गेली, बीम आलं नाही, तर त्या तासांचा पगार नाही. खर्चीवाल्यावर येणारी अनिश्चितता तो तशीच्या तशी पुढे कामगारावर ढकलतो. कांडी भरणाऱ्या बायकांपर्यंत ती पोचते तेव्हा तिचं वजन सर्वांत जास्त झालेलं असतं. २०२० च्या टाळेबंदीत भिवंडीहून उत्तर प्रदेश-बिहारकडे चालत निघालेल्या लोकांमध्ये मागवाले किती होते, याची यादी कुणाकडेच नव्हती. जी माणसं नोंदलेलीच नाहीत त्यांच्यासाठी बस तरी कुठून सोडणार?

म्हणून नोंदणीला माझा पाठिंबा आहे, आणि तो बिनशर्त नाही. नोंदणी खालच्याचीच होते आणि वरचा मोकळा राहतो, हे बंद झालं पाहिजे. मागवाल्याने आपली नोंद करायची असेल तर त्याच्या मागावरच्या सुताच्या मालकाचीही त्याच अर्जात नोंद हवी: बीम कुणाचं, दर किती, पैसे किती दिवसांत. छोट्या उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत दिले नाहीत तर ती रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरू न देणारी तरतूद केंद्राने प्राप्तिकर कायद्यात २०२३ साली आणली. कागदावर ती आमच्यासाठी सोन्यासारखी आहे. पण जो छोट्या उद्योगांच्या सरकारी ‘उद्यम’ नोंदणीत नाही आणि ज्याचं पक्कं बिल नाही, त्याला तिचा उपयोग काय? तोंडी दर आणि चिठ्ठीवरचा हिशोब घेऊन कोणत्याच कायद्याच्या दारात उभं राहता येत नाही.

जीएसटीचंही तसंच झालं. २०१७ पासून कृत्रिम धाग्याच्या सुतावर १२ टक्के आणि कापडावर ५ टक्के, असा उलटा उतार होता. तो सरळ व्हायला २२ सप्टेंबर २०२५ उजाडावं लागलं, आठ वर्षं. निर्णय योग्यच झाला. फायदा कुणाला, हे पुन्हा सूत कुणाचं यावर ठरतं. स्वतः सूत घेऊन विणणाऱ्याचं अडकलेलं भांडवल मोकळं झालं, खर्चीवाल्याला फरक पडला तो पेढीच्या मर्जीने.

खर्चीवाल्याने सूत स्वतः का घेऊ नये, असं कुणी विचारेल. माझ्या वडिलांनी दोनदा प्रयत्न केला. आमच्या शेडला महिन्याला साधारण सव्वाचार ते साडेचार टन सूत लागायचं. आजच्या भावाने ते बारा लाखांच्या आसपास जातं, आणि कापड विकून पैसे हातात येईपर्यंत दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्याचं सूत घ्यावं लागतं. म्हणजे पस्तीस लाख फिरते हवेत, तेही अशा माणसाकडे ज्याची शेड आधीच बँकेकडे गहाण आहे. केंद्राच्या पॉवरटेक्स योजनेत, जी १ एप्रिल २०१७ ला भिवंडीतच जाहीर झाली, सूत बँकेची तरतूद होती: विणकरांच्या गटाला २ कोटींपर्यंत बिनव्याजी निधी. कल्पना अगदी नेमक्या जागी बोट ठेवणारी होती. पण २ कोटींत माझ्या हिशोबाने आमच्यासारख्या पंधरा-सोळा शेडना एक महिना पुरेल इतकंच सूत येतं. लाखभर माग असलेल्या गावात असे किती गट लागतील? योजनेचा आकार प्रश्नाच्या आकारावरून ठरवलेलाच नाही, कारण प्रश्नाचा आकार कुणी मोजला नाही.

त्याच योजनेत साधा माग जागेवरच सुधारायला अनुदान होतं. तार तुटली की माग आपोआप थांबावा, बाण्याचं सूत संपलं की थांबावा, अशी साधनं बसवायची. चांगली गोष्ट आहे, कापडाची डागी कमी होते. पण मजुरीचा दर तोच राहिला तर डागी कमी झाल्याचा फायदाही कापडाच्या मालकाला. रॅपियर आणि एअरजेट या नव्या, बिनधोट्याच्या मागांचं याहून वेगळं आहे. ते साध्या मागाच्या कित्येक पट वेगाने विणतात, त्यांच्यामागे मोठं कर्ज असतं, आणि ते घेणारा मंदीत थांबूच शकत नाही. साधा माग बंद ठेवला तर गंजतो, एवढंच. रॅपियर बंद ठेवला तर हप्ता गळ्याशी येतो. पेढीसमोर वाटाघाटीला बसताना कर्जबाजारी रॅपियरवाला साध्या मागवाल्यापेक्षाही दुबळा असतो, हे मी गावातल्या माझ्या वयाच्या अनेकांकडून ऐकलं आहे. साधा माग वाचवा अशी माझी मागणी नाही. त्याचं आयुष्य संपत आलं आहे. त्याच्या जागी येणाऱ्या यंत्रावरही खर्चीच चालणार असेल, तर आधुनिकीकरणाने बदलणार तो फक्त आवाज.

सरकारच सूत देऊन कापड विकत घेईल, असा एक रस्ता असतो. तमिळनाडूने १९८३ पासून पोंगलला मोफत वेष्टी आणि साडी देण्याची योजना चालवली, आणि त्यासाठीचं कापड हातमाग-यंत्रमागाच्या सहकारी संस्थांकडून विणून घेतलं. तेलंगणाने २०१७ पासून बतुकम्मा सणाच्या साड्यांचं काम सिरसिल्ला या यंत्रमागाच्या गावाला दिलं. ज्या गावाने आत्महत्यांची वर्षं पाहिली होती, तिथे वर्षातले काही महिने खात्रीचं काम आलं. सिरसिल्ल्याशी आपलंही नातं आहे. तिथले किती तरी पद्मशाली विणकर सोलापूर-भिवंडीच्या मागांवर राबून परत गेले होते. २०२४ साली नव्या सरकारने ती योजना थांबवली आणि माग थंड पडले. मालक बदलून खर्ची चालूच राहिली, एवढाच त्याचा अर्थ मला लागतो: पेढीच्या जागी सरकार, आणि बीम थांबलं की सगळं थांबलं. आपल्याकडे वस्त्रोद्योग धोरण २०२३-२८ मध्ये अंत्योदय कुटुंबाला वर्षाला एक साडी देण्याची योजना आहे, यंत्रमाग महामंडळामार्फत. ती चालू राहावी असं मला मनापासून वाटतं. प्रत्येक गाठीवर ती कोणत्या मीटर क्रमांकाच्या शेडमध्ये विणली, हे छापलेलं हवं, आणि त्या शेडला पिकामागे किती पैसे मिळाले हेही जाहीर हवं. सरकारने स्वतःच्या कामात न्याय्य दर दाखवला, तर बाजारात निदान एक माप तरी उभं राहील.

त्याच धोरणात २५ हजार कोटींची गुंतवणूक आणि ५ लाख रोजगारांचं उद्दिष्ट आहे. राज्यातल्या कापसावर राज्यातच होणारी प्रक्रिया ३० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर न्यायची आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूस उत्पादकाच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचं आहे. आमच्या पंचगंगा नदीचं काय, हा प्रश्नही त्यात सोडवायला हवा होता. २०१२ साली आमच्या गावाने काविळीची साथ पाहिली आहे, आणि कापडाच्या प्रक्रियेचं पाणी नदीत जाऊ न देता उद्योग वाढवणं हे तेव्हापासूनचं देणं आहे.

मग नवी चौकशी कशी हवी? मागांची शिरगणती करू नका, असं मी म्हणेन. ती न करताही जे कळायला हवं ते बरंचसं सरकारच्याच हातात आहे. कोणती शेड चालते आणि कोणती बंद पडली, हे वीज मीटर दर महिन्याला सांगतो. जीएसटीत जो आपला माल दुसऱ्याकडे जॉबवर्कसाठी पाठवतो त्याला आयटीसी-०४ हा फॉर्म भरावा लागतो. मोठ्या पेढ्यांचं सूत कोणाकडे गेलं आणि किती कापड होऊन परत आलं, हे त्यात असतं. वीज कंपनीचे आकडे आणि हे फॉर्म, गावाचं किंवा कुणाचंही नाव बाहेर न येऊ देता, एकत्र ठेवले की गेल्या काही वर्षांत सुताची मालकी किती हातांत गोळा झाली, हे महिन्याभरात दिसेल. ज्यांची नोंदच नाही ते यात सुटतील, म्हणून प्रत्येक गावात काही शंभर शेडमधल्या वह्या प्रत्यक्ष पाहाव्या लागतील. माझ्या वडिलांसारख्या वह्या अजूनही कपाटांत आहेत. दहा वर्षांचे पिकाचे दर आणि त्याच दहा वर्षांतल्या सवलतींच्या तारखा शेजारी मांडा. मी वर केलेला २४ मागांचा हिशोब चुकीचा असेल तर तिथे तो खोटा ठरेल, आणि मला ते आवडेल.

समितीत अर्थशास्त्रज्ञ असावेत, वस्त्रोद्योग आयुक्तांच्या कार्यालयातले लोक असावेत, लोकप्रतिनिधी असावेत. त्यांच्यासोबत एक जॉबर, एक वहिफणी कामगार (बीमच्या तारा फणीतून ओवणारा), एक कांडी भरणारी बाई आणि एक पेढीचा दिवाणजी हवा. दिवाणजी मी मुद्दाम म्हणतो आहे. दर कसा ठरतो हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं, आणि कुणी त्याला कधी विचारलेलं नाही.

सुनावणी विश्रामगृहात ठेवू नये. तिथे संघटनांचे पदाधिकारी निवेदन देतात, फोटो होतो, चहा होतो. मागवाल्याला पाळी सोडून येता येत नाही. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात, तर सुनावणी शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर घ्यावी. इचलकरंजीत रात्रपाळी सुरू होण्याआधी, शेडच्याच गल्लीत. समितीने घेतलेले जबाब त्याच भाषेत वाचून दाखवावेत ज्या भाषेत ते दिले गेले, आणि अहवाल इंग्रजीत छापून मंत्रालयात ठेवण्याऐवजी मराठीत, मालेगाव-भिवंडीसाठी उर्दूत, सोलापूरच्या पूर्व भागासाठी तेलुगूत, आणि पाळीवर उभ्या असलेल्या कामगारासाठी हिंदीत, एकाच दिवशी प्रसिद्ध व्हावा.